ठिणगीचा नकार आणि बाईंचा तिसरा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रकाशनाचे धाकटे मालक. माझ्या डाव्या हाताला बसलेले, आपली मुखपृष्ठं रंगवता रंगवता केस पांढरे केलेले चित्रकार. ग्रंथालय संघाकडून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट त्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या मुद्रितशोधनाच्या बाई. छापखाना, बांधणी आणि गोदामातले माझे जुने सोबती. आणि ज्यांच्या जिवावर आपण सगळे जगलो ते इथे जमलेले लहानथोर वाचकहो,

आधी एक खुलासा करतो. निमंत्रणपत्रिकेवर ‘निरोप समारंभ’ असं छापलंय. त्यात ‘तिसरा’ हा शब्द गळाला आहे. हसा, हसा. बाईंचा हा तिसरा निरोप समारंभ. पहिला चार वर्षांपूर्वी झाला, दुसरा दोन वर्षांपूर्वी. दोन्ही याच सभागृहात, याच माइकसमोर, आणि दोन्ही वेळा भाषण ठोकणारा मीच. दोनदा निरोप घेऊन जे माणूस सोमवारी सकाळी साडेनऊला आपल्या टेबलाशी हजर झालं, त्याला तिसऱ्यांदा निरोप कुठल्या तोंडाने द्यायचा? तेच तोंड घेऊन उभा आहे, गोड मानून घ्या.

नव्या मंडळींना आपल्या घरची चाल ठाऊक नसेल म्हणून सांगतो. ही चाल थोरल्या मालकांनी पाडली. निवृत्त होणाऱ्याचा सत्कार करायचा, फुलांचा गुच्छ द्यायचा, चार शब्द गोड बोलायचे, आणि अगदी शेवटी वक्त्याने व्यासपीठावरून हात वर करून म्हणायचं, ‘आणखी एक वर्ष!’ की सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट करायचा. सत्कारमूर्ती लाजून मान खाली घालते. मान खाली गेली की तो होकार. मोठी प्रेमळ चाल आहे, आणि आपल्या सगळ्यांच्या मोठ्या सोयीचीही आहे.

आता मी पायऱ्या चढत असताना अध्यक्षांनी माझ्या खिशात एक चिठ्ठी सरकवली. अध्यक्षमहाराज, असे खाली बघू नका, चिठ्ठीत वाईट काही नाही. त्यात लिहिलंय, ‘सतरावा भाग होईपर्यंत तरी. तुम्हीच म्हणा काका, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत.’ आणि हे वाचून मी वर येतोय, तोवर खाली विक्री विभागात, बाकावर, बाईंची थोरली बहीण बसलेली दिसली. पायाशी पिशवी. मी म्हटलं, ‘वर चला ना, पहिल्या रांगेत जागा ठेवलीय.’ त्या म्हणाल्या, ‘नको हो. दोनदा आले वर. ती खाली आली तर दोघी जाऊ. नाही आली तर सहाची बस मला ठाऊक आहे.’

म्हणजे चिठ्ठी खिशात, बहीण खाली, आणि घड्याळात सव्वापाच. चिठ्ठीतलं वाक्य मी म्हणायचं की नाही? खरं सांगतो, अजून ठरलेलं नाही. बोलता बोलता ठरेल या आशेवर बोलतो आहे. तसंही म्हाताऱ्या लेखकाच्या हाती माइक आला की तो सुटता सुटत नाही, हे तुम्हाला नवीन नाही.

तर, मी सोळा पुस्तकं लिहिली ती एका ड्रॅगनवर. ठिणगी तिचं नाव. इथे जमलेल्यांपैकी निम्म्यांनी ती पांघरुणात शिरून वाचली असतील आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याबद्दल पोरांना रागावलं असेल. लोक मला सभांमधून विचारतात, ‘ठिणगी इतकी स्वतंत्र वृत्तीची कशी हो सुचली तुम्हाला? बाकीच्या कथांतले ड्रॅगन एक तर सोन्याच्या ढिगावर बसून राहतात, नाही तर कुणाला तरी पाठीवर घेऊन उडतात. तुमचीच तेवढी मनस्वी कशी?’ मी इतकी वर्षं छाती फुगवून उत्तरं दिली. कल्पनाशक्ती म्हणालो, चिंतन म्हणालो, एकदा तर बालपणीचे संस्कार म्हणालो. मंडळी, ते सगळं साफ खोटं. ठिणगीला स्वतःची इच्छा मिळाली ती छपाईच्या एका चुकीतून. ती गोष्ट आज सांगितली नाही तर पुन्हा कधी सांगायची?

बत्तीस वर्षं झाली. मजकूर तेव्हा अजून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून उभा राहायचा. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून बाईंची खोली. उत्तरेला एक खिडकी, उतरतं टेबल, ब्लेडने टोक काढलेल्या पेन्सिली एका रिकाम्या डब्यात, आणि सगळीकडे शाई आणि खळीचा वास. तो वास आता संस्थेत कुठेच येत नाही. यंत्रं स्वच्छ झाली, खोल्या थंड झाल्या. पण मला अजूनही नव्या पुस्तकाचं पान नाकाशी नेल्यावर आधी तो जिना आठवतो, आणि जिन्याच्या टोकाशी ओळीखाली पोस्टकार्ड धरून वाचणाऱ्या बाई. वय असेल तेव्हा तीसच्या आतबाहेर. दोन वेण्या सोडून नुकत्याच अंबाड्यावर आलेल्या.

बाईंची वाचायची एक रीत होती. प्रत्येक मुद्रित त्या तीनदा वाचायच्या. एकदा खालून वर, म्हणजे अर्थाला भुलून चूक निसटायला नको. एकदा वरून खाली, अर्थासाठी. तिसऱ्यांदा कशासाठी वाचता, असं मी एकदा चिडून विचारलं होतं, कारण माझं पुस्तक अडलं होतं. म्हणाल्या, ‘ज्याला कोणी बोलू दिलेलं नाही त्याच्यासाठी.’ मी मनात म्हटलं, बाईंना विश्रांतीची गरज आहे.

आणखी एक नियम होता. छापखान्यासाठीची दुरुस्ती लाल शाईत, लेखकासाठीची शंका पेन्सिलीत. जुळाऱ्याने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, शाई पाहायची आणि पेन्सिल पाहायचीच नाही. आपले जुळारी अण्णा आज मागच्या दाराशी बसले आहेत. अण्णा, हात वर करा. नाही करणार. ठीक आहे, आज त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करू नये.

तर चौथा भाग. किल्ल्याला वेढा पडलाय, धाकटा राजपुत्र तटावर उभा आहे, आणि मी लिहिलं होतं: राजपुत्र गरजला, ‘ठिणगे, उड!’ ठिणगीने पंख पसरले. पहिलं मुद्रित आलं. या दोन वाक्यांच्या शेजारी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं, ‘हिला विचारलं का?’ मला गंमत वाटली. खोडरबर घेतला, पुसून टाकलं. दुसरं मुद्रित आलं. पुन्हा तिथेच, ‘हिला विचारलं का?’ आता जरा राग आला. अहो, ड्रॅगन माझा, राजपुत्र माझा, किल्ला माझा, शत्रूसुद्धा माझाच! विचारायचं कुणाला आणि कशाला? पुन्हा खोडरबर. तिसऱ्या मुद्रिताला बाईंनी काय केलं असेल? खोडरबराने पुसता येऊ नये म्हणून तेच तीन शब्द त्यांनी शाईत लिहिले. मी नेमका तापाने पडलो होतो, मुद्रित माझ्याकडे आलंच नाही, थेट छापखान्यात गेलं. आणि अण्णांनी आपलं काम चोख केलं. शाई दिसली, जुळवली.

पुस्तक बाहेर आलं. पान एकशे बारा. राजपुत्र गरजला, ‘ठिणगे, उड!’ पुढची ओळ, हिला विचारलं का? पुढची ओळ, ठिणगीने पंख पसरले.

मी अंगात ताप असताना तसाच उठून आलो. काय काय बोललो ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगं नाही. थोरले मालक शांत माणूस. म्हणाले, पट्ट्या चिकटवा. मग दोन दिवस सगळी संस्था खाली गोदामात मांडी घालून बसली आणि एकेका प्रतीत त्या ओळीवर कोरी पट्टी चिकटवत राहिली. बाई सगळ्यात कोपऱ्यात. त्यांच्या पट्ट्या मात्र सगळ्यात सरळ बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की आठशे प्रती आधीच बाहेरगावी गेल्या आहेत. आणि मालकांच्या टेबलावर बाईंचा राजीनामा होता. एका ओळीचा. चूक छापली गेली, म्हणून मी जाते.

पंधरा दिवसांनी पोरांची पत्रं यायला लागली. आठशे प्रती कुठे पोहोचल्या ते पत्रांवरून अचूक कळत होतं. चुकीबद्दल एकानेही लिहिलं नव्हतं. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, हे बोललं कोण? एकाच्या मते तटावरचा शिपाई. एकाच्या मते ठिणगीची आई, जी दुसऱ्या भागात मेली, ती वरून बोलली. एका पोराने तर मलाच धारेवर धरलं होतं, ‘तुम्ही मध्येच का बोललात? लेखकाने मध्ये बोलू नये.’ आणि एका मुलीने, असेल आठ-नऊ वर्षांची, लिहिलं होतं: ‘हिला विचारलं का, याचं उत्तर पुढे कुठेच नाही. माझ्या पुस्तकातलं पान गळलंय का? असेल तर पाठवा. नसेल तर ठिणगीला विचारून कळवा.’

ठिणगीला विचारून कळवा! आता काय कळवू? ते पत्र घेऊन मी जिना चढलो. बाई टेबल आवरत होत्या. पत्र त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, ‘घ्या. आता उत्तर तुम्हीच द्या.’ त्यांनी ते वाचलं, खालून वर नाही, सरळच वाचलं, आणि म्हणाल्या, ‘उत्तर मी तुमच्याकडे मागितलं होतं. तुम्ही दोनदा खोडरबर फिरवलात.’

मी चिडलो. माणसाचं चुकलं की तो आधी चिडतो. म्हटलं, ‘अहो बाई, ती कागदावर आहे. मी लिहितो तेच ती बोलते, मी लिहितो तेच ती करते. तिला इच्छा कुठून असणार?’

बाई म्हणाल्या, ‘तुम्ही लिहिता हे खरंच. पण तिला नाही म्हणायला तुम्ही जागा ठेवता की नाही, एवढंच मी बघते. जिथे नाही म्हणता येतं, तिथल्याच होकाराला होकार म्हणायचं. नाही तर ती आपली टॅक्सी झाली. पंखांची.’

मी खाली गेलो आणि मालकांच्या टेबलावरचा राजीनामा उचलून टराटरा फाडला. मालक म्हणाले, ‘शाब्बास!’ मलाही स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्या राहिल्या. राजीनामा फाडू का, असं त्यांना मी विचारलं होतं का? नव्हतं. हे मला कळायला पुढे तीस वर्षं लागली. त्या आठवड्यात मात्र मी सगळ्यांना पेढे वाटले.

पाचवा भाग लिहायला बसलो. ठरवलं होतं, राजपुत्र विचारेल, ठिणगी हो म्हणेल, मुलं खूश, बाई खूश, गाडी पुढे. राजपुत्राने विचारलं, ‘ठिणगे, मला डोंगरापलीकडे नेशील?’ आणि माझा हात थांबला. तिने हो का म्हणावं? घराएवढं जनावर. स्वतःची आग, स्वतःचे पंख, स्वतःचं आभाळ. पाठीवर एक हुकूम सोडणारं पोरगं घेऊन तिला काय मिळणार? मी आठ दिवस कारण शोधत होतो. सौ. म्हणाल्या, ‘कारण मिळत नाही तर तिला नाही म्हणू द्या की. मीही कधीकधी म्हणते.’ लिहिलं. ठिणगी म्हणाली, ‘नाही.’ आणि मंडळी, त्या एका शब्दाने माझ्या पुस्तकाची काय दैना झाली म्हणून सांगू! राजपुत्राला अख्खा डोंगर पायी चढावा लागला. एकशे चाळीस पानं. बुटाचे तळ झिजले त्याच्या. त्यातच चित्रकारांनी मुखपृष्ठ आधीच करून ठेवलेलं, ठिणगीवर स्वार झालेला राजपुत्र. ते छापूनही झालेलं. पुस्तक तसंच गेलं, आणि पोरांनी पत्रांतून चित्रकारांना जे फाडून खाल्लं! ‘आत चालतोय आणि बाहेर उडतोय, हे काय?’ चित्रकारसाहेब, तुम्ही अजून मला माफ केलं नाही हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर एकाही मुखपृष्ठावर तुम्ही तिच्या पाठीवर कुणाला बसवलं नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हापासून बाईंनी एक वही घातली. ठिणगीला कोणी काय विचारलं आणि ती काय म्हणाली. सोळा भागांत एक्केचाळीस वेळा नाही, नऊ वेळा हो. मी एखाद्या ठिकाणी सोयीसाठी हो घुसवला की वही पुढे यायची. ‘तिसऱ्या भागात आगीत ती एकटी पडली होती, तेव्हा हा कुठे होता? आज ती याला हो का म्हणेल?’ मी हमरीतुमरीवर यायचो. बाई पेन्सिलीला टोक काढत बसायच्या. त्या खोलीत मी जितका भांडलो तितका घरी भांडलो असतो तर आज एकटा राहत असतो. आणि तितका सुखीही मी दुसरीकडे कुठे नव्हतो. खिडकीतून दुपारचं ऊन उतरत्या टेबलावर यायचं, खाली यंत्रं धडधडत असायची, आणि आम्ही दोघं मोठी माणसं एका नसलेल्या प्राण्याला काय वाटेल यावर तासन् तास वाद घालायचो. काय ते दिवस होते! एवढं मन लावून माझ्या मनाचा विचारसुद्धा कोणी केला नसेल.

सातव्या भागाची एक आठवण सांगतो. राजपुत्र बर्फात वाट चुकलाय. या वेळी तो ठिणगीला हाक मारत नाही, कारण नाही ऐकून ऐकून तो शिकलाय. आणि शेवटच्या पानावर ती येते. आपणहून. काही न बोलता त्याच्याभोवती वेटोळं घालून बसते, बस्. मुद्रित परत आलं तर त्या पानावर लाल शाई नाही, पेन्सिल नाही, काही नाही. फक्त समासाजवळ कागद पाणी पडून वाळल्यासारखा किंचित फुगलेला. मी विचारलं, ‘इथे तुमची शंका नाही?’ म्हणाल्या, ‘इथे ती स्वतः आली. मी काय विचारणार?’ मी फार पारितोषिकं घेतली, मंडळी. पण माझ्या कपाटात जपून ठेवलेला कागद तो आहे.

आता जड भागाकडे येतो. पाणी पितो जरा.

चार वर्षांपूर्वी बाई निवृत्तीच्या वयाच्या झाल्या. मला म्हणाल्या, ‘मला आता हातात पेन्सिल न धरता एक तरी पुस्तक वाचायचंय. आणि ताईकडे राहायचंय. लग्न करून ती गेली तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात आठ दिवसांच्या वर राहिलो नाही.’ मी मान डोलावली. मग समारंभ झाला, मी भाषण केलं, आणि शेवटी चालीप्रमाणे म्हटलं, ‘आणखी एक वर्ष!’ कडकडाट झाला. बाईंची मान खाली गेली. एका वर्षाची दोन वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा समारंभ. या खेपेलाही थोरल्या ताई स्वतः आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी. घरी त्यांनी दुसरी खाट घेतली होती, खिडकीशी दिवा लावला होता, वाचायला. मला हे माहीत होतं. आणि तरी सोळावा भाग अडला होता, म्हणून मी हात वर केला. ‘आणखी एक वर्ष!’ तुम्ही सगळे उभे राहिलात. मी व्यासपीठावरून पाहत होतो. तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सगळे वाजवताहेत म्हणून त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. पिशवी मांडीवरून खाली पडली. त्या एकट्या परत गेल्या.

मला त्या रात्री झोप लागायला नको होती, पण लागली. लाज वाटते सांगताना. टोचणी लागली ती या वर्षी, सतरावा भाग लिहिताना. शेवटचा भाग आहे. पोरं विचारतायत, ठिणगी शेवटी जाते की राहते? मी लिहिलं, राजपुत्र आता राजा झालाय. सगळी प्रजा चौकात जमलीय. राजा गुडघ्यावर बसून सगळ्यांदेखत तिला विनवतो, ‘ठिणगे, आमच्यात राहा.’ प्रजा जयजयकार करते, आणि ठिणगी मान झुकवते. लिहून झालं आणि मला फार सुंदर वाटलं. मुद्रित बाईंकडे गेलं. वही आली नाही, पेन्सिल आली नाही. तीन दिवसांनी पान परत आलं, आणि मी समासात पाहिलं तर समास कोरा.

मी वर गेलो. म्हटलं, ‘बाई, इथे काहीच नाही?’

त्या म्हणाल्या, ‘काय लिहू? तिला विचारलंय की. चांगलं गुडघ्यावर बसून विचारलंय.’

‘मग बरोबर आहे ना?’

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘मला तरी अशा वेळी नाही म्हणता आलं नाही बुवा. तिला येत असेल तर बघा.’

बास. एवढंच म्हणाल्या. बत्तीस वर्षांत केलेली ही त्यांची एकुलती एक तक्रार. मंडळी, मी तो जिना उतरलो आणि चौकातली ती पानं फाडून टाकली. ज्या माणसाने मला एका कागदी प्राण्याचं मन राखायला शिकवलं, त्याच माणसाला मी दोनदा चौकात उभं करून, तुमच्या टाळ्यांच्या मध्ये गाठून, मान झुकवायला लावली. आणि त्याला प्रेम म्हणत आलो. प्रेम होतंच, त्यात खोट नाही. प्रेम होतं म्हणूनच तर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

धाकटे मालक, तुमची चिठ्ठी माझ्या खिशात आहे, आणि ती खिशातच राहील. रागावू नका. तुमच्या वडिलांची चाल मोडतो आहे. सतराव्या भागाची काळजी मलाही आहे, तुमच्यापेक्षा जास्त आहे. ती फाडलेली पानं मी पुन्हा लिहीन. एकटा लिहीन. वही नसताना लिहीन.

‘बाई, आता जा’ असंही मी म्हणणार नाही. तोही हुकूमच झाला, आणि इतकी वर्षं हुकूम पुष्कळ झाले. त्यांना राहावंसं वाटलं तर टेबल आहे, खिडकी आहे. जावंसं वाटलं तर खाली बाकावर ताई आहेत. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, बघा, मी आपला या पाण्याच्या पेल्याकडे बघतो. तुम्हीही कृपा करून समोर बघा. पाच चाळीस झालेत, एवढं फक्त घड्याळ म्हणून सांगतो.

बाई, अहो, उठलात? बसा, बसा, माझे आभार तरी... चुकलो. बसा म्हणणारा मी कोण?

पहिल्या रांगेतल्यांनी पाय जरा आत घ्या. गुच्छ राहिला खुर्चीवर. राहू दे, हाक मारू नका त्यांना. अण्णा, तुमच्याजवळचं दार तेवढं ओढून धरा, ते आपोआप बंद होतं. धन्यवाद अण्णा.

बरं. बरं... आता मला चार औपचारिक शब्द बोलून संपवायचंय, ते संपवतो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचा मी ऋणी आहे, उद्या त्यांनी मला बोलावून घेतलं तरीही. पाहुण्यांना त्यांचं भाषण न ऐकता सत्कारमूर्ती निघून गेल्याबद्दल वाईट वाटू नये. चित्रकार, जुळारी, छापखाना, सगळ्यांचे मनापासून आभार. आणि वाचकहो, एक विनंती. या भाषणात कुठे शब्द वाकडा गेला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. सतरावा भाग हाती येईल तेव्हा त्यातही चुका असतील, बऱ्याच असतील. त्या सगळ्या माझ्या. तपासणारं माणूस आता नाही, तेव्हा तुम्हीच सांभाळून घ्या.

नको, नको, टाळ्या नकोत. थांबा जरा. त्या अजून जिन्यात आहेत.